डोंगरी सायकलीस ट्यूब असावी कीं नसावी?

एके काळीं पुण्याची ओळख सायकलींचें शहर अशी होती. तेव्हां सायकल ही गरज होती. कचेरी, शाळा आणि मंडई या तीन ठिकाणांपलीकडे तिची धांव सहसा जात नसे. पुढें स्वयंचलित दुचाक्यांनीं तिला वाड्याच्या बोळांत ढकललें. आतां मात्र ती निराळ्याच वेषांत परत आली आहे. जाड दांत्यांचे रुंद टायर, पुढें धक्के सोसणारा चिमटा, असा थाट असलेली ही डोंगरी सायकल घेऊन घरोघरचीं तरुण मुलें व मुली रविवारीं पहाटे सिंहगडाच्या पायथ्याकडे, मुळशीच्या वाटेनें किंवा मावळांतील माळांवर जाऊं लागलीं आहेत. कित्येक घरांतील चाळिशी ओलांडलेले गृहस्थ व गृहिणीही त्यांत सामील असतात. ही गोष्ट आम्हांस फार आनंदाची वाटते.

पण या आनंदाबरोबर घरांत एक वादही शिरला आहे. दुकानदार म्हणतो, ट्यूबलेस टायर घ्या. मुलें त्यास दुजोरा देतात. आणि पैशाची पिशवी ज्यांच्या हातीं असते ते वडील विचारतात कीं, ज्या ट्यूबवर आमची उभी हयात गेली तिनें असा कोणता अपराध केला? हा वाद केवळ पैशाचा नव्हे. डोंगरउतारावर सायकलस्वार आणि खडक यांच्यामध्यें चार बोटें हवेखेरीज दुसरें कांहींच नसतें. ती हवा ऐन वळणावर गेली तर हाड मोडतें, आणि तिन्हीसांजेस रानांत गेली तर घरच्यांचा जीव टांगणीस लागतो. म्हणून या प्रश्नाचा विचार दुकानाच्या पायरीवर घाईनें न करतां घरांत बसून शांतपणें करणें इष्ट होय.

प्रथम ट्यूबची बाजू पाहूं. हवेनें भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाची. तिचें पेटंट त्यानें १८४५ सालीं घेतलें; पण ती विस्मृतींत गेली. १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं ती पुन्हां शोधून काढली. आरंभीं टायर रिमेस चिकटविलेला असल्यामुळें पंक्चर काढणें हें तासांचें काम होतें. १८९१ सालीं फ्रान्समधील मिशलँ बंधूंनीं काढतां-घालतां येणारा टायर तयार केला, आणि त्याच वर्षीं चार्ल्स तेराँ या स्वारानें पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत येण्याची लांब पल्ल्याची शर्यत त्या टायरांवर जिंकली. तेव्हांपासून कामाची वांटणी ठरून गेली : टायरनें रस्त्याचे घाव सोसावे आणि ट्यूबनें हवा धरून ठेवावी. पुढें १९३७ सालीं अमेरिकेंत ब्यूटाइल नांवाचें कृत्रिम रबर निघालें. त्यांतून हवा फारच हळू झिरपत असल्यामुळें ट्यूबची हवा धरण्याची शक्ति आणखी वाढली. इतकी सुटसुटीत व्यवस्था मोडण्यास कारण हवें, आणि तें कारण डोंगरानें दिलें.

डोंगरी सायकलीचा खेळ आज आपण ओळखतों त्या स्वरूपांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, मरीन परगण्यांत वाढला. तेथें फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका कच्च्या उताराच्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं तरुणांनीं जुन्या दणकट सायकलींची शर्यत लावली. त्या उताराचें नांव ‘रिपॅक’ असें पडलें. कारण एका फेरींतच मागील चाकाच्या ब्रेकमधील ग्रीस तापून जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. अशा ठिकाणीं टायरकडून जी अपेक्षा असते ती सडकेवरच्या अपेक्षेच्या उलट असते. सडकेवर हवा भक्कम भरली कीं चाक हलकें पळतें. डोंगरांत तशी भरली तर टायर दगडागणिक उडतो, मातीवर पकड राहत नाहीं, आणि मनगटें भरून येतात. तेथें टायरनें दगडावरून उसळी न घेतां त्याला मिठी मारली पाहिजे, आणि त्यासाठीं हवा कमी हवी.

येथेंच ट्यूबची अडचण सुरू होते. कमी हवेचा टायर खडकावर आपटला कीं तो दबून रिमेपर्यंत पोंचतो, आणि रिमेची कड व खडक यांच्या अडकित्त्यांत ट्यूब सांपडते. तिला शेजारीं शेजारीं दोन चिरा पडतात. सायकलस्वार त्यास ‘सर्पदंश’ म्हणतात तें त्या दोन खुणांवरून. कांटा नाहीं, कांच नाहीं, तरी हवा गेली याचें कारण बहुधा हेंच असतें. हा दंश टाळावयाचा तर हवा वाढवावी लागते, आणि हवा वाढविली कीं पकड जाते. सुमारें सत्तर किलो वजनाचा स्वार आणि सव्वादोन इंच रुंदीचा टायर धरला, तर ट्यूब असतां साधारण ३० ते ३५ पौंड हवा ठेवावी लागते. ट्यूब नसेल तर २० ते २५ पौंडांवर काम भागतें. हा दहा पौंडांचा फरक कागदावर क्षुल्लक वाटेल. पण मुरूम सुटलेल्या उतारावर चाक घसरणें आणि न घसरणें यांतील अंतर पुष्कळदां तेवढेंच असतें.

ट्यूबलेस रचनेंत आऱ्यांचीं भोंकें हवाबंद पट्टीनें झांकलेलीं असतात, टायरची कड रिमेच्या खोबणींत घट्ट बसते, आणि व्हॉल्व्ह रिमेलाच पक्का केलेला असतो. म्हणजे टायर व रिम मिळूनच हवेचें भांडें होतें. डोंगरी सायकलीसाठीं ही पद्धति १९९९ सालीं फ्रान्समधील माव्हिक कंपनीनें हचिन्सन व मिशलँ या टायर करणाऱ्या कंपन्यांच्या साहाय्यानें ‘यूएसटी’ या नांवाखालीं बाजारांत आणली. त्यानंतर अमेरिकेंतील स्टॅन कोझियाटेक यांनीं टायरांत पातळ सीलंट घालण्याच्या युक्तीचा प्रसार केला, आणि मग जाड व जड टायरची गरज उरली नाहीं. स्कूटरचा किंवा मोटारीचा ट्यूबलेस टायर जाड असतो व आंतील अस्तराच्या बळावरच हवा धरतो. सायकलीच्या पातळ टायरला मात्र हें सीलंट लागतेंच. दोन्हींचें नांव एक असल्यामुळें पुष्कळांचा गैरसमज होतो, म्हणून हा खुलासा.

हें सीलंट म्हणजे दुधासारखा चीक. पुष्कळ प्रकारांत रबराच्या झाडाचा चीक हाच त्यांतील मुख्य घटक असून, तो बाटलींत थिजूं नये म्हणून कांहीं द्रव्यें व भोंकांत अडकून बसावे म्हणून बारीक कण त्यांत मिसळलेले असतात. रुईचें पान तोडलें असतां देठांतून चीक येतो, वाळतो, आणि झाडाची जखम आपोआप बुजते, हें आपण लहानपणापासून पाहतों. येथेंही तेंच घडतें. हवा भोंकांतून बाहेर धांवतांना चीक बरोबर नेते, आणि तो तेथेंच थिजून बुचासारखा बसतो. तीन-चार मिलिमीटरपर्यंतचीं भोंकें बहुधा चाक फिरत असतांनाच बुजतात आणि स्वाराला त्याची वार्ताही नसते.

आपल्या माळरानांत या युक्तीची परीक्षा घेणारे कांटे विपुल आहेत. बाभूळ व बोर हे तर ठाऊक आहेतच. पण सायकलीचा खरा वैरी म्हणजे सराटा. याचें फळ कसेंही पडलें तरी एक तरी कांटा वर राहतोच. संस्कृतांत त्याचीं गोक्षुर, गोकण्टक, त्रिकण्टक, श्वदंष्ट्रा अशीं नांवें आहेत, आणि वैद्यांच्या दशमुळांत त्याच्या मुळास मानाचें स्थान आहे. हीच वनस्पति अमेरिकेच्या पश्चिम भागांत परकी म्हणून जाऊन पसरली असून, तेथील सायकलस्वार तिच्या फळास बोकडाच्या डोक्याची उपमा देतात. आयडाहो प्रांतांतील बॉइसी शहरांत तर ती उपटण्यास लोकांनीं हातभार लावावा म्हणून २०१८ सालीं एक उत्सवच सुरू झाला. आमच्या काढ्यांत पडणारें औषध तिकडे सायकलस्वारांस असें छळतें, ही मौजेची गोष्ट खरी. पण ट्यूबलेस टायरचा प्रसार कांटेरी मुलखांत इतका कां झाला हें त्यावरून सहज कळतें.

आमच्या घरांत हे दोन्ही पक्ष नांदतात. धाकट्या बंधूंची कन्या ट्यूबलेस टायर वापरते. थोरल्या चिरंजीवांची सायकल ट्यूबची आहे. गेल्या मे महिन्यांत पुतणीनें मागील चाकाचा टायर उतरविला आणि आंतून फडकें फिरविलें. फडकें जेथें अडकलें तेथून तिनें चिमटीनें एकेक कांटा उपसून वर्तमानपत्रावर मांडला. अकरा झाले.

“काका, अकरा वेळां वाटेंत बसून पंक्चर काढणं वांचलं,” ती म्हणाली.

“आणि तुझा तो चीक कोठें आहे?” आम्हीं विचारलें.

तिनें टायर उजेडाकडे धरला. आंत दुधाचा थेंब नव्हता. भिंतीवरच्या जुन्या रंगासारख्या नुसत्या कोरड्या साली होत्या.

“संपला कीं हो! मार्चमध्येंच बघायला हवा होता,” ती म्हणाली, आणि गप्प झाली.

बारावा कांटा लागता तर तो कांहीं बुजता ना. ट्यूबलेस टायरचा सगळा गुण आणि सगळा दोष त्या वर्तमानपत्रावर एकत्र मांडलेला होता.

चिरंजीवांचें वृत्त निराळें. पावसाळा सरल्यावर ते मित्रांसह मावळांत गेले असतां सायंकाळीं मागील चाक बसलें. त्यांनीं मोबाइलच्या उजेडांत ट्यूबला ठिगळ लावलें. पण टायरांत रुतलेला कांटा शोधला नाहीं, त्यामुळें अर्ध्या तासांत चाक पुन्हां बसलें. अंधार झाला होता आणि ठिगळें संपलीं होतीं. सायकल ढकलीत पुढच्या गांवीं पोंचल्यावर चहाच्या टपरीशेजारीं पंक्चरवाला भेटला. घमेल्यांतील पाण्यांत बुडबुडे पाहणें, पॉलिशपेपरनें घासणें, सोल्यूशन लावून ठिगळ चिकटविणें आणि टायर आंतून चाचपून कांटा काढणें, हें सारें त्यानें पंधरा मिनिटांत उरकलें. त्या जागीं पुतणीचा टायर बाजूनें फाटला असता तर त्या गृहस्थाजवळ त्यावर कांहींच इलाज नव्हता. ट्यूबची विद्या गांवोगांवीं आहे. ट्यूबलेस सायकलीची विद्या अजून शहरांतील मोजक्या दुकानांतच सांपडते. हा भेद परगांवीं लांबच्या फेरीस निघणाऱ्यानें अवश्य लक्षांत घ्यावा.

ट्यूबलेसचे इतर दोषही झांकून ठेवण्यासारखे नाहींत. नवा टायर रिमेवर बसविण्यास एकदम पुष्कळ हवा सोडावी लागते; साध्या हातपंपानें तें दर वेळीं साधत नाहीं. कड जागेवर बसतांना मोठा आवाज होतो व पाहणारा दचकतो. पण त्याहून महत्त्वाचें म्हणजे त्या वेळीं टायर व रिम यांवर लिहिलेल्या कमाल दाबापलीकडे कदापि जाऊं नये. जी रिम ट्यूबलेससाठीं केलेलीच नाहीं तिच्यावर हा प्रयोग करूं नये. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांस एका दुकानदारानें जुन्या रिमेवर नुसती पट्टी चिकटवून असा टायर बसवून दिला. पहिल्याच आडव्या धक्क्यास कड सुटली आणि सगळी हवा क्षणांत गेली. ते सपाटीवर होते म्हणून गुडघ्यावर निभावलें. याशिवाय चीक कपड्यांस लागला तर सहसा निघत नाहीं, आणि टायरची बाजू धारदार दगडानें चिरली तर चिकाचा उपाय चालत नाहीं.

वजनाच्या बाबतींत जो गाजावाजा होतो तो मात्र बेताचाच समजावा. मोठ्या चाकाची साधी ट्यूब सुमारें दोनशें ग्रॅम भरते. तिच्या जागीं शंभर मिलिलिटर चीक घातला तर चाकामागें वांचतें तें एका पेरूएवढें वजन. शिवाय हल्लीं प्लॅस्टिकजातीच्या अत्यंत हलक्या ट्यूबा मिळूं लागल्या आहेत. म्हणून वजनासाठीं ट्यूबलेस घेऊं नये; घ्यावयाचा तर पकडीसाठीं आणि कांट्यांसाठीं घ्यावा. खर्चाचें मान असें कीं, साधी ट्यूब सध्यां दोन-तीनशें रुपयांच्या आसपास मिळते, आणि चांगल्या ट्यूबलेस टायरची किंमत दोन-अडीच हजारांपासून पुढें चढत जाते. पट्टी, व्हॉल्व्ह व चीक यांचा खर्च वेगळा.

तर मग निर्णय कसा करावा? आमच्या मतें दोन्हींमधील खरा भेद रबरांत नसून काळजी कोणत्या वेळीं घ्यावी लागते यांत आहे. ट्यूब ही घरीं उपेक्षा सोसणारी आहे. चार महिने सायकल भिंतीला टेकून ठेवली तरी हवा भरली कीं ती चालूं लागते. पण ती आपलें मोल रस्त्यावर, तेंही अवेळीं, वसूल करते. ट्यूबलेस टायर रस्त्यावर पुष्कळ क्षमा करतो. पण घरीं नियमित सेवा मागतो. हा चीक दोन ते सहा महिने टिकतो. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यांत दोन-तीन महिन्यांवर भरंवसा ठेवूं नये. सेवा चुकली तर तो टायर ट्यूबहूनही वाईट; कारण स्वार आपण सुरक्षित आहों अशा समजुतींत असतो आणि आंत मात्र कोरड्या साली असतात.

म्हणून पिशवीची गांठ सोडण्यापूर्वीं वडिलांनीं एवढेंच विचारावें कीं, या टायरकडे दर दोन महिन्यांनीं कोण पाहणार? एकत्र कुटुंबांत जी सायकल चौघे वापरतात व जिचा धनी कोणीच नसतो, तिला ट्यूबच बरी. जो मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं परगांवीं राहून सणासुदीलाच घरीं येते, तिच्या सायकलीलाही ट्यूबच बरी. डोंगरी सायकल घेऊन जे मुख्यतः सडकेनेंच जातात त्यांस ट्यूबलेसपासून फारसा लाभ नाहीं. परंतु जो स्वार दर आठवड्यास खडक-मुरुमांतून जातो, उतारावर ज्याचा वेग वाढला आहे, आणि जो आपल्या हातानें चाक उघडतो, त्यास ट्यूबलेस टायर देणें हा चैनीचा खर्च नसून सुरक्षिततेचा खर्च होय. तेथें काटकसर करूं नये.

ज्यांनीं ट्यूब ठेवावयाची ठरविली त्यांनीं हवेचा दाब मोजण्याचें साधें यंत्र जवळ बाळगावें, दर फेरीपूर्वीं दाब पाहावा, आणि एक सबंध ट्यूब, ठिगळांची डबी, टायर उचकटण्याच्या पट्ट्या व छोटा पंप यांवांचून डोंगरांत पाऊल टाकूं नये. ठिगळ लावण्यापूर्वीं कांटा सांपडलाच पाहिजे, हा पहिला नियम. ज्यांनीं ट्यूबलेस घेतला त्यांनीं याच वस्तु न्याव्या, आणि शिवाय भोंक बुजविण्याची रबरी वात व ती आंत सारण्याची सुई न्यावी. कारण मोठी चीर पडली तर शेवटीं आंत ट्यूबच घालावी लागते. त्या वेळीं एक गोष्ट विसरूं नये : टायरांत निमूटपणें बसलेले जुने कांटे आधीं काढून टाकावे, नाहीं तर घातलेली ट्यूब पहिल्या फेऱ्यांतच फुटेल. चीक घालण्यापूर्वीं बाटली चांगली हलवावी. दाबलेल्या कार्बन वायूच्या नळ्यांनीं हवा भरण्याची हल्लींची रीति झटपट खरी. पण त्या वायूनें कांहीं प्रकारचा चीक थिजतो, म्हणून घरीं आल्यावर तपासून पाहावें.

आणि टायर कोणताही असो, घरांतील प्रत्येक स्वारास, विशेषतः मुलींस, चाक उतरवून पंक्चर काढावयास शिकवावें. एका दुपारीं अंगणांत घमेलें घेऊन बसलें कीं ही विद्या येते, आणि एकदां आली कीं जन्मभर जात नाहीं. तिन्हीसांजेस रानांत कोणाची वाट पाहत बसण्याची पाळी तिनें टळते.

ट्यूबलेस घेणाऱ्या घरांस शेवटीं एकच सुचवितों. चिकाच्या तपासणीचा दिवस स्मरणावर सोंपवूं नये. भिंतीवरील दिनदर्शिकेंत एक सोडून एक पौर्णिमेस खूण करावी आणि त्या दिवशीं व्हॉल्व्ह उघडून आंत काडी घालून पाहावी. काडी ओली निघाली तर ठीक. कोरडी निघाली तर त्या रविवारीं डोंगर थोडा थांबेल.